आचाऱ्याचा आचार्य कोणी केला?

‘हिंदीची आणि मराठीची लिपी एकच. मग फॉन्टही एकच लावला तर बिघडले कुठे?’ बहुभाषी नियतकालिके चालवणाऱ्या भल्या माणसांनी हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला आहे, की उत्तर एकदाचे लेखी देऊन टाकते. बिघडते. रोज बिघडते. ज्यांचे बिघडते ते तक्रार करत नाहीत, कारण वाचताना नेमके काय खुपते हे त्यांना सांगता येत नाही. ते डोळ्यांना दोष देतात, चष्म्याचा नंबर वाढला म्हणतात, ‘पडद्यावर काही मन लागत नाही बुवा’ म्हणत तिसऱ्या परिच्छेदात वाचन सोडून देतात. संपादकाला फक्त आकडे दिसतात. मराठी विभाग कमी वाचला जातो, म्हणजे मराठीला वाचक नाही, असा हिशेब होतो. पुढच्या अंकात मराठीची दोन पाने कमी होतात आणि फॉन्ट तसाच राहतो.

मी हे रुआबांध्यातून लिहिते आहे आणि ते सांगणे इथे गरजेचे आहे. रुआबांधा हा भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतला एक भाग. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसे इथे येत राहिली. तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया, पंजाबी, आणि त्यांच्यात मराठीही. मराठीला हा मुलूख तसा परका नव्हताच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानीच नागपूर होती. पण आज माझ्या घराच्या आसपास मराठी पुस्तक विकत मिळत नाही. दिवाळी अंक नागपूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून संक्रांतीच्या सुमारास पोचतात. बाकी सगळे मराठी वाचन फोनवर आणि टॅबवर. पुण्यातल्या वाचकाला पडद्यावरचा मजकूर टोचला तर तो अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक घेऊन येतो. आम्ही कुठे जावे?

शिवाय इथल्या रस्त्यावरची, शाळेतली, रेशनच्या दुकानातली, फलाटावरची सगळी देवनागरी हिंदीच्या वळणाची आहे. त्यात गैर काही नाही, हे हिंदी राज्य आहे आणि छत्तीसगढीही त्याच वळणात लिहिली जाते. पण आमच्या मुलांना मराठी वळणाचे अक्षर दिसते ते केवळ मराठी मजकुरात. तो मजकूरही हिंदीच्या साच्यातून काढून दिला, तर त्यांनी ते अक्षर पाहायचे कुठे?

हे सगळे हळवेपणाचे वाटत असेल तर आधी रोकडे उदाहरण घेऊ. ‘आचाऱ्याला बोलवा’ आणि ‘आचार्याला बोलवा’. पहिल्या वाक्यात स्वयंपाकी येईल, दुसऱ्यात गुरुजी. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. दोन शब्दांत फरक आहे तो एवढाच, की एकीकडे य च्या डोक्यावर रफार बसला आहे आणि दुसरीकडे य च्या डाव्या अंगाला भुवईसारखा आडवा अर्धा र आहे. हिंदीला हा भुवईचा र लागत नाही. मराठीला तो पानापानावर लागतो: शेतकऱ्याला, पायऱ्या, वाऱ्यावर, नोकऱ्या, कादंबऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड. या परिच्छेदातल्या शब्दांकडे आता पुन्हा एकदा पाहा. तुमच्या पडद्यावर ‘शेतकऱ्याला’मध्ये र च्या खाली टिंब आणि पाय मोडल्याची खूण दिसत असेल, किंवा तिथे रिकामा चौकोन असेल, तर मी काय म्हणते आहे ते मी म्हणायच्या आधीच तुम्हाला कळले. आणि नीट दिसत असेल तर संपादकांचे आभार माना. त्यांनी कुणाला तरी कामाला लावले आहे.

माझ्या एका कथेत ‘डोंगरदऱ्या’ होत्या. एका बहुभाषी मासिकाने (नाव सांगत नाही) ती छापली तेव्हा त्यांच्याकडच्या माणसाने मजकूर हिंदीच्या कळफलकावर पुन्हा टाईप केला. त्या कळफलकावर हा र नव्हता. कथा प्रसिद्ध झाली आणि थोडेफार मराठी वाचणाऱ्या एका हिंदी मैत्रिणीने विचारले, बस्तरच्या जंगलात दर्या कुठून आणलास? संपादकांना कळवले तर उत्तर आले, ‘इतना तो चलता है.’ हिंदीत नुक्ता गाळला तर हीच मंडळी दोन दिवस झोपत नाहीत. मराठीचा र मात्र चालतो.

आता ल आणि श. मराठी ल म्हणजे दोन पाकळ्या आणि मधून शिरोरेषेला लटकलेला देठ. हिंदी ल ला उजवीकडे सरळ दंड. श चेही तसेच, मराठीत डावीकडे गाठ आणि देठ, हिंदीत वरून फुटलेली शेंडी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला ठरवली, १० नोव्हेंबर २०२२ ला सुधारित निर्णय काढला आणि पाकळीचा ल, देठाचा श हेच मराठीत वापरावे असे सांगितले. या निर्णयाच्या बातम्या आल्या तेव्हा समाजमाध्यमांवर अस्मितेचे जे काही पीक आले त्यात मी नव्हते. दंडाचा ल दिसला म्हणून मराठी मरत नाही. ऱ्य ची गोष्ट वेगळी आहे. तो शुद्धलेखनाचा भाग आहे, तो गेला तर अर्थ जातो. ल आणि श ही डोळ्यांची सवय आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी या वादाचे पुष्कळ नुकसान केले आहे.

पण सवय म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे. सरावलेला वाचक अक्षर न् अक्षर लावत बसत नाही, शब्दाचा आकार एका नजरेत उचलतो. ‘लहानशा’, ‘शेवटल्या’, ‘कोल्हापूर’ हे शब्द ज्या आकारात त्याने चाळीस वर्षे पाहिले तो आकार बदलला की नजर क्षणभर अडते. असे एका पानावर शंभरदा झाले तर थकवा येणारच. कागदावर आपण हे सहन केले असते का? मराठी पुस्तकाचा कुठला प्रकाशक हिंदीच्या वळणाचा ल घेऊन कादंबरी छापायला धजावला असता?

आणि इतिहास पाहिला तर गंमत अशी की हिंदीनेच मुंबईकडून उसने घेतले आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या देखण्या टाइपांत छापलेले संस्कृत ग्रंथ देशभर गेले. उत्तरेत अ, झ आणि ण यांची वेगळी रूपे होती, जुन्या हिंदी आणि संस्कृत पोथ्यांत ती आजही दिसतात. हिंदीच्या मानक देवनागरीने ती सोडून मुंबई वळणाची रूपे घेतली. आज कोणताही हिंदी वाचक जो अ वाचतो तो मुंबईचा आहे. ल आणि श यांच्या बाबतीत मात्र दोघांनी आपापले घर राखले. तेव्हा ‘लिपी एकच’ हे वाक्य बोलायला सोपे आहे, खरे अर्धेच आहे. राजनांदगाव इथून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत होते आणि नागपुरात त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होते. एका घरातले दोघे भाऊ, एकच लिपी. त्यांच्या कविता तुमच्या अंकात समोरासमोर छापायच्या झाल्या तर दोन्ही पाने एकाच वळणात लावाल का? लावाल, असे मला भय वाटते.

गोची कुठे आहे तेही सांगते, कारण ती समजून घ्यायला दहा मिनिटे पुरतात आणि संपादक मंडळी ती दहा मिनिटे काढत नाहीत. संगणकात दोन्ही ल साठी एकच सांकेतिक क्रमांक आहे. युनिकोडने देवनागरीला एक घर दिले, त्यात हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी, मैथिली, संस्कृत सगळ्यांना नांदायला सांगितले. (बंगाली आणि असमियाचे असेच एकत्र कुटुंब, पण असमियाच्या र ला निदान वेगळा क्रमांक मिळाला. मराठीच्या ॲ ला २००८ साली मिळाला, तोवर अ आणि अर्धचंद्र यांची ओढूनताणून गाठ मारावी लागे. ती गाठ अजून पुष्कळ पानांवर सुटलेली दिसते.) कोणत्या वळणाचा ल दाखवायचा हे मग दोन गोष्टींवर ठरते. फॉन्टमध्ये दोन्ही रूपे काढलेली हवीत, आणि मजकुरावर ‘हा मराठी आहे’ अशी भाषेची खूण हवी. खूण असली तर ब्राउझर फॉन्टला मराठी रूपे मागतो. नसली तर फॉन्ट आपले ठरलेले रूप देतो, आणि बहुतेक फॉन्टांचे ठरलेले रूप हिंदीचे आहे. चिनी आणि जपानी वाचकांचे अगदी हेच दुखणे आहे. त्यांच्या समाईक चिन्हांना एकच क्रमांक दिला गेला आणि भाषेची खूण विसरली की जपानी वाचकापुढे ‘हाड’ या अर्थाचे चिन्ह चिनी धाटणीत येऊन उभे राहते. जपानी संपादक ते खपवून घेत नाहीत.

ही खूण म्हणजे दोन रोमन अक्षरे, एम आणि आर. पानाच्या सांगाड्यात विभागाच्या सुरुवातीला एकदा लिहायची. तिला पैसे पडत नाहीत. तरीही बहुभाषी नियतकालिकांत सगळ्या देवनागरीवर हिंदीची खूण मारलेली असते, नाहीतर सगळ्या अंकावर इंग्रजीची. ज्या अंकाच्या संपादकीयात भाषांच्या सन्मानावर दोन पाने खर्ची पडतात, त्याच अंकाच्या सांगाड्यात मराठी विभाग स्वतःला इंग्रजी म्हणवून घेत असतो. आंधळ्या वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रणा हीच खूण बघून आवाज निवडते, हे आणखी वेगळेच.

मुक्त परवान्याच्या फॉन्टांचा आग्रह मी धरते तो इथे. फुकट मिळतात म्हणून नव्हे. फुकट तर चोरीचे फॉन्टही मिळतात, आणि आपल्याकडच्या किती अंकांची अक्षरजुळणी तशा फॉन्टांत होते हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे. मुक्त परवान्याचा अर्थ असा, की फॉन्ट पानाबरोबर वाचकाकडे पाठवता येतो. बहुतेक फोनवर वाचकाला फॉन्ट सहजी बदलता येत नाही, त्याच्यापुढे जे येईल ते तो वाचतो. बंद परवान्याच्या फॉन्टांना असे पाठवण्यासाठी बहुधा वेगळे पैसे आणि वेगळी परवानगी लागते, म्हणून लहान नियतकालिके पाठवतच नाहीत आणि वाचकाच्या फोनवर जे असेल त्याच्या भरवशावर मजकूर सोडून देतात. ओपन फॉन्ट लायसन्स २००५ पासून आहे, २००७ पासून तिची १.१ ही आवृत्ती चालू आहे. तिच्याखाली फॉन्ट पुस्तकात, पानात, ॲपमध्ये घालून द्या, त्यात बदल करा, बदललेला वाटा. सुटा फॉन्ट तेवढा विकायचा नाही, आणि कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरे नाव द्यायचे. म्हणजे एखाद्या फॉन्टात ऱ्ह नीट जुळत नसेल तर ते जुळवण्याचा हक्क आपल्याला आहे. बंद फॉन्टाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागते.

आणि जुन्या फॉन्टांचे काय करायचे? छत्तीसगडातल्या टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव चालतो, महाराष्ट्रातल्या जुळाऱ्यांकडे त्याचे भाऊबंद आहेत. या फॉन्टांत पडद्यावर दिसते देवनागरी आणि आत साठते रोमन अक्षरांची खिचडी. वर देवनागरीचा मुखवटा आहे तोवर ठीक, मुखवटा उतरला की मागे काही नाही. अशा फॉन्टातून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, उतारा उचलला तर कचरा हाती येतो, आणि आंधळा वाचक यंत्राकडून वाचून घेऊ म्हणाला तर यंत्र बरळते. मराठीचे काही दशकांचे साहित्य या खिचडीत अडकून पडले आहे. ते युनिकोडमध्ये आणताना हिंदीसाठी बनवलेली रूपांतरे वापरली जातात आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात आधी गळतो तो हाच, भुवईचा र.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हे मुक्त फॉन्ट म्हणजे गूगलची मेहेरबानी, उद्या तिने हात काढला तर? आक्षेप अगदी पोकळ नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीचे पुष्कळ मुक्त फॉन्ट गूगलच्या पैशांवर निघाले, आणि नोटो तर तिचाच. जगातल्या प्रत्येक लिपीतले रिकामे चौकोन घालवायचे म्हणून तो निघाला. पण हा आक्षेप घेणारे विसरतात, की परवाना मुक्त असल्यामुळे कंपनी गेली तरी फॉन्ट जात नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही परंपरा कंपनीच्या आधीची आहे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट खुले केले आणि तिच्या पुण्यातल्या मंडळींनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. त्यात सुरुवातीला हिंदीसाठी वेगळा लोहित होता आणि मराठीसाठी वेगळा. पुढे दोन्ही एका लोहित देवनागरीत आले, पण मराठी रूपे भाषेच्या खुणेमागे जपून ठेवून. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. सरकारी पैशाचा याहून चांगला उपयोग मला फार ठिकाणी दिसलेला नाही, आणि तो फॉन्ट वापरणारी नियतकालिके त्याहून कमी दिसली आहेत. फॉन्ट घडवणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, यात वाद नाही. एकेका देवनागरी फॉन्टात शेकडो जोडाक्षरे हाताने काढावी लागतात. ते पैसे संस्थांनी, सरकारांनी, कंपन्यांनी एकदा द्यावेत आणि अक्षर सगळ्यांचे व्हावे, ही पद्धत मला तरी लिपीच्या स्वभावाला धरून वाटते.

र. कृ. जोशींचे नाव इथे घेतलेच पाहिजे. या नियतकालिकाच्या वाचकांना ते लघुनियतकालिकांच्या काळातले कवी म्हणून ठाऊक असतील. विंडोजबरोबर घराघरांत पोचलेला ‘मंगल’ त्यांच्याच हातचा. अक्षरे कागदावर नाचवणाऱ्या कवीला शेवटी संगणकाच्या पडद्यावर, जाडेभरडे ठिपके जोडून, अक्षर उभे करायचे काम मिळाले आणि त्याने ते केले. मंगल आज जुना झाला आहे, लहान आकारात किरटा दिसतो. तरी तो अजून ठरलेला फॉन्ट म्हणून वापरणाऱ्या नियतकालिकांचा दोष जोशींच्या माथी मारू नये. त्यांनी जे केले ते त्या वेळच्या पडद्यांसाठी.

मग घ्यावा कोणता? मला विचाराल तर फोनवर वाचायच्या गद्यासाठी ‘मुक्ता’. मुंबईच्या एक टाइपचा, सात वजनांत मिळतो. रेषेची जाडी जवळपास सारखी असल्यामुळे स्वस्त फोनच्या पडद्यावरही काने आणि वेलांट्या तुटत नाहीत. बहुभाषी अंकाला तो आणखी एका कारणाने सोयीचा: गुजराती, गुरमुखी आणि तमिळसाठी त्याची भावंडे आहेत, त्यामुळे चार भाषांची पाने एका घरातली वाटतात. मोठ्या पडद्यावर, कवितेला किंवा निवांत वाचायच्या निबंधाला, ‘टायरो देवनागरी मराठी’. हा फॉन्ट मूळ मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी घडवलेल्या अक्षरांतून आला. हार्वर्डने ते ग्रंथ २०१५ पासून छापले. पुढे टायरोने हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. नावातच ‘मराठी’ आहे, भाषेची खूण मारायचा आळस असला तरी हा फॉन्ट मराठी वळण सोडत नाही. तिन्ही भाषांना वेगळे वळण लागते हे कॅनडात बसलेल्या टायरोच्या लोकांना पटले, आणि भिलाईत, भोपाळात, दिल्लीत अंक काढणाऱ्यांना पटवायला मला हा लेख लिहावा लागतो. टायरोची खोट एकच. त्याच्या बारीक रेषा फारच बारीक आहेत, उन्हात किंवा मंद उजेडात फोनवर त्या विरतात. ठळक वजनही त्यात नाही. तिथे डॅन रेनॉल्ड्सचा ‘मार्टेल’ बरा, जरा दणकट, पुस्तकी. ‘बालू’सारखे गुबगुबीत फॉन्ट शीर्षकाला गोड दिसतात, त्यांत आख्खी कथा लावणाऱ्याला ती कथा स्वतः वाचायची शिक्षा द्यावी.

फॉन्ट निवडून काम संपत नाही. इंग्रजीला ओळीवर ओळ सव्वापट अंतराने चालते. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘र्की’ची वेलांटी वरच्या ओळीतल्या ‘द्धू’च्या उकारात घुसली की वाचकाची नजर ओळ चुकते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवा. अक्षर इंग्रजीपेक्षा थोडे मोठे ठेवा, कारण त्याच मापात देवनागरीचा गाभा लहान दिसतो. दोन्ही कडा सरळ ओढण्याचा हट्ट फोनवर सोडा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘विद्यापीठांमधल्यासुद्धा’सारखा शब्द ओळीत मावला नाही की मागे उरलेल्या तीन शब्दांमध्ये बोटभर दऱ्या पडतात. (दर्या नव्हे.) आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर ज्या कुणी प्रतिष्ठित केला, त्याने आपल्या आईला तो वाचायला द्यावा.

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, रोज दुपारी टॅबवर वाचायचा नेम. पीडीएफमधला दोन स्तंभांचा दिवाळी अंक त्या बोटांनी ताणून ताणून वाचत, एका ओळीसाठी पान डावीकडे, मग उजवीकडे. दोन पानांत मान दुखायची. तोच मजकूर जिथे ई-पुस्तकाच्या रूपात मिळाला तिथे मी मुक्ता लावला, वजन मध्यम, ओळींत अंतर. आता त्या आख्खी कथा वाचून होईपर्यंत चहा मागत नाहीत. परवा त्यांनी विचारले, ‘हे अक्षर आपलं वाटतं गं, कोणी काढलं?’ फॉन्टाचे नाव त्यांनी विचारले असे आयुष्यात पहिल्यांदाच झाले असेल.

पण ई-पुस्तक सगळीकडे मिळत नाही. ॲमेझॉनने किंडलवर मराठी डिसेंबर २०१६ मध्ये आणली, तरी आपले बहुतेक अंक अजून छपाईसाठी केलेली पीडीएफ तशीच्या तशी पाठवतात आणि तिला ‘डिजिटल आवृत्ती’ म्हणतात. वर्गणी मात्र पूर्ण घेतात.

म्हणून मागणे एवढेच. मराठी विभागावर मराठीची खूण मारा. मराठी रूपे असलेला एखादा मुक्त फॉन्ट पानाबरोबर पाठवा. टाईप करणाऱ्या माणसाला मराठी कळफलक द्या आणि ऱ्य कसा काढायचा ते एकदा दाखवा. अंक प्रसिद्ध करण्याआधी साध्या, जुन्या फोनवर उघडून एक पान शेवटपर्यंत वाचा, आणि ते वाचायला मराठी वाचणारा माणूस बसवा, मराठी ‘कळणारा’ नको. या कामाला एक दुपार लागते. ज्या मासिकाने माझ्या दऱ्यांचा दर्या केला त्यांना मी हे सगळे मागच्या महिन्यात लिहून पाठवले, फॉन्ट कुठून उतरवायचा त्याच्या पत्त्यासकट. त्यांचे उत्तर आले आहे. पुढच्या वर्षी नवे रूप येणार आहे, तेव्हा बघू म्हणतात. उत्तर इंग्रजीत होते, आणि शेवटी देवनागरीत ‘धन्यवाद’ लिहिले होते.